३४ वा आठवडा आणि बीपी १४४/९४ : घरच्या मशीनचं किती ऐकायचं?

निशिगंध (३ जून, रात्री १०.२०)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतेय, लिहिते क्वचित. पहिलंच बाळंतपण, वय ३१, नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. काल ३४ व्या आठवड्याच्या तपासणीला गेले तर बीपी १४४/९४. वीस मिनिटं बसवून परत घेतलं, १४०/९०. संध्याकाळी पुन्हा बोलावलं, तेव्हा १४२/९२. आत्तापर्यंत कायम ११०/७० च्या आसपास असायचं. लॅबेटॅलॉलची गोळी दिवसातून दोनदा सुरू केलीय, रक्त-लघवी दिलीय, तीन दिवसांनी परत जायचंय. आणि घरी मशीन आणून सकाळ-संध्याकाळ मोजायला सांगितलंय.

मशीन आणलं आणि घरातली शांतता गेली. लिफ्ट बंद होती, तीन जिने चढून आले, सासूबाई म्हणाल्या आत्ताच लाव. १५३/९७! सगळे गप्प. दहा मिनिटांनी १३९/८८. आता यातलं खरं कुठलं?

दुसरं म्हणजे मीठ. काल रात्रीपासून वरणात मीठ नाही, लोणच्याची बरणी फळीवर. पाय एवढे सुजलेत की अहोंच्या चपला घालून फिरतेय. ३६ वा लागला की सिन्नरला माहेरी जायचं ठरलं होतं, आईने डिंक आणूनसुद्धा ठेवलाय. जावं का?

घाटावरची (३ जून, १०.४१)

घाबरू नकोस गं. माझंही ३५ व्यात वाढलं होतं, मुलगा आता चौथीत आहे आणि माझंच बीपी वाढवतो. जाणकार येतीलच, थांब.

सिस्टर_निवृत्त (४ जून, सकाळी ६.१५)

निशिगंध, मी ३१ वर्षं लेबर रूमला काढली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

जिना चढून आल्या आल्या घेतलेलं रीडिंग बीपीचं नसतं, जिन्याचं असतं. मोजायच्या आधी लघवीला जाऊन ये. अर्धा तास चहा नको. पाठ टेकेल अशा खुर्चीवर पाच मिनिटं नुसती बस. मोबाईल नाही, बोलणं नाही. दोन्ही तळवे जमिनीला, पायावर पाय नको. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर, हात टेबलावर असा ठेव की पट्टा छातीच्या उंचीला येईल. एक रीडिंग घे, मिनिटभर थांब, दुसरं घे. दोन्ही लिही. चांगलं तेवढं लिहायचं आणि वाईट खोडायचं, असं करू नकोस. बायका करतात, मी वह्या पाहिल्यात. आणि कुशीवर झोपून वरच्या हाताला पट्टा बांधला की आकडा खोटा कमी येतो, तेही नको.

सासूबाईंना सांग, आकडा येईपर्यंत समोर उभं राहायचं नाही. हे मी हसत लिहितेय, पण खरंच फरक पडतो.

पुढच्या खेपेला मशीन पिशवीत घालून दवाखान्यात ने. त्याच हातावर, आधी त्यांचं, मग तुझं. काही डिजिटल मशीन गरोदरपणातल्या बीपीत कमी दाखवतात, म्हणून हा ताळा हवाच.

आता पाय. शेवटच्या महिन्यांत पाय सुजणं बहुतेक सगळ्यांना असतं, त्यावरून काही ठरत नाही. सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला दिसला, बोटातली अंगठी एकदम अडकली, तर कळव. पण खरी भीती वेगळीच आहे: न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधूक दिसणं, उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं, उलट्या, दम लागणं, लघवी कमी होणं, बाळाची हालचाल मंदावणं. यातलं एकही झालं तर मशीनवर काय आलंय ते बघत बसायचं नाही, थेट निघायचं. आणि दमा असेल तर लॅबेटॅलॉलबद्दल डॉक्टरांशी आधी बोल.

पाथर्डीफाटा (४ जून, ८.०५)

सिस्टरांना +१. भर एकच: पट्ट्याचा आकार. माझा दंड ३५ सेंटिमीटर, मशीनबरोबर आलेला पट्टा २२ ते ३२ चा. पंधरा दिवस १५० च्या वर दाखवत होतं, घरात रडारड. मोठा पट्टा आणला, १२८. पट्टा लहान पडला की आकडा वाढीव येतो. शिंप्याच्या टेपने दंड मोजून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

जुनंतेसोनं (४ जून, ११.३०)

आमच्या वेळी एवढी मशीनं नव्हती आणि बाळंतपणं व्हायचीच. दुधीचा रस सकाळी उपाशीपोटी, मीठ पूर्ण बंद, आणि पलंगावरून उतरायचं नाही. इंग्रजी गोळ्यांनी बाळाला त्रास होतो.

सिस्टर_निवृत्त (४ जून, १२.१०)

काकू, तुमच्या वेळीही हे होतंच, फक्त नाव दुसरं होतं. "बाळंतपणात आकडी आली" असं म्हणायचे. ती आकडी म्हणजे हाच आजार, शेवटच्या टोकाला गेलेला. गेलेल्या बायकांची नावं घरात पुढे कुणी काढत नसे, म्हणून आपल्याला वाटतं की तेव्हा सगळं सुरळीत होतं.

मीठ बंद केल्याने हा आजार टळत नाही की कमी होत नाही. नेहमीचं जेवण नेहमीच्या मिठाचं खावं. पापड-लोणचं-फरसाण ताटभर नको, एवढंच. आळणी वरणाने पोरगी जेवणंच सोडते, आणि तिला प्रथिनं हवीत. पलंगावर खिळून राहिल्यानेही बीपीला फायदा होत नाही, उलट पायात रक्त गोठायची भीती. दमायचं नाही, दुपारी कुशीवर पडायचं, घरात हिंडाफिरायचं.

राहिला दुधी. भाजी खा, छान लागते. रस कडू लागला तर एक घोटही गिळू नका, कडू दुधी विषारी असतो.

घाटावरची (४ जून, १२.२५)

आकडा लिहायचा म्हणजे आकडी टळते. एका वेलांटीचाच तर फरक.
(अवांतर: मिसळ चालेल का विचारतेय आमची निशिगंध, लाजतेय बिचारी.)

एक_नवरा (४ जून, रात्री ९.५०)

एक अनुभव, नाव न घेता. बायकोचं बीपी ३३ व्यात वाढलं. रविवार होता, दवाखाना बंद. आमच्या घरी वडिलांची बीपीची गोळी कायम असते. आईने प्रेमाने एक गोळी आणि पाणी पुढे केलं, "यांना लगेच उतरतो." बायकोने तोंडात टाकायच्या आधी मी सहज पाकीट उलटं करून वाचलं : टेल्मिसार्टन. डॉक्टरांना फोन लावला तर त्या ओरडल्याच. ही आणि एनालाप्रिल, रॅमिप्रिल या जातीच्या गोळ्या गरोदरपणात बाळाच्या किडनीला इजा करतात, गर्भजल कमी होतं. गरोदर बाईच्या बीपीसाठी साधारण लॅबेटॅलॉल, निफेडिपिन आणि मिथाइलडोपा या तीनच, आणि त्याही डॉक्टरांनी ठरवायच्या.

घराघरात ती पाकिटं आहेत. ड्रॉवर एक, रोग एकच वाटतो.

लॅबमधला (५ जून, सकाळी ७.४०)

मी रोज हेच नमुने बघतो, म्हणून दोन शब्द. बीपी वाढलं की लघवीतलं अल्ब्युमिन का बघतात? या आजारात वारेच्या (प्लासेंटाच्या) बिघाडाने आईच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते, किडनीची गाळणी सैल पडते, प्रथिनं गळतात. पट्टीवर १+ आलं की पुढची मोजणी. २४ तासांत ३०० मिलिग्रॅमच्या वर गेलं म्हणजे नुसतं वाढलेलं बीपी राहिलं नाही, प्रीएक्लाम्प्सिया झाला. मात्र लघवी कोरी असूनही प्लेटलेट, लिव्हर किंवा किडनी बिघडली तर तोही प्रीएक्लाम्प्सियाच. म्हणून रक्तात प्लेटलेट, एसजीपीटी, क्रिएटिनिन लावतात. प्लेटलेट एक लाखाखाली गेल्या की आम्ही रिपोर्ट छापायच्या आधी फोन करतो.

२४ तासांच्या कॅनचा घोळ दहातले पाच जण करतात. सुरुवातीच्या सकाळची पहिली लघवी कॅनमध्ये नाही, ती टाकून द्यायची आणि वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची त्याच वेळची पहिलीसुद्धा. एक जरी चुकली तर सांगा, लपवू नका. अंगावरून पांढरं जात असेल तर धुऊन, मधली धार द्या, नाहीतर पट्टी खोटं बोलते.

निशिगंध (६ जून, रात्री ८.३०)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. रिपोर्ट : लघवी कोरी, प्लेटलेट २ लाख १०, लिव्हर ठीक. बाळाचं वजन आणि डॉप्लर (बाळाकडचा रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) नीट. माझं मशीन दवाखान्याच्या मशीनपेक्षा ४ ने जास्त दाखवतं, डॉक्टर म्हणाल्या चालेल. सध्या याला गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब एवढंच म्हणायचं, पण आठवड्यातून दोनदा यायचं. असंच राहिलं तर ३७ पूर्ण झाले की कळा आणायच्या, पुढे ताणायचं नाही.

सिन्नर रद्द. अंतर फक्त तीसेक किलोमीटर, पण डॉक्टरांनी विचारलं, "तिथे रात्री दोनला भूलतज्ज्ञ, रक्त आणि बाळासाठी काचेची पेटी मिळेल का?" आईच इकडे यायचं म्हणतेय, डिंकासकट.

गंमत म्हणजे वही. सासूबाईंनी दुधाच्या हिशोबाच्या वहीत उजवीकडे एक उभी रेघ मारली. तारीख, दूध, सकाळचा बीपी, संध्याकाळचा बीपी. "४ जून, दीड लिटर, १३८/८८, १३६/८६." आता त्या समोर उभ्या राहत नाहीत, स्वयंपाकघरातून हाक मारतात, "झालं का गं?" मीठ परत आलंय. मिसळीवर अजून चर्चा चालू आहे.

द्राक्षबाग (७ जून, दुपारी १.१५)

आमच्याकडे दिंडोरी भागात गावात एकच दवाखाना. वहिनीचं बीपी आशाताईंनी पकडलं. ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची, त्यात. तिथून १०२ च्या गाडीने त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला पाठवलं. जननी शिशु सुरक्षा मध्ये सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, औषधं, रक्त, जाण्या-येण्याची गाडी, सगळं फुकट आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तातडीचं असेल तर १०८.

सोनचाफा (७ जून, ३.००)

माझ्या बहिणीला तिसऱ्या महिन्यापासून रोज रात्री अ‍ॅस्पिरिन दिली होती बीपी वाढू नये म्हणून. निशिगंधला का नाही दिली? मागून घे.

सिस्टर_निवृत्त (७ जून, ५.२०)

सोनचाफा, ती आधीची तटबंदी आहे. वार रुजत असताना, १२ ते १६ आठवड्यांत सुरू केली तरच खरा उपयोग. २०१७ मध्ये आलेल्या अ‍ॅस्प्रे अभ्यासात रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिली होती, जास्त जोखमीच्या बायकांना. एरवी ती देतात पहिल्या वेळी हा त्रास झालेला, जुळं, आधीचा बीपी, मधुमेह, किडनीचा आजार, अशांना. कॅल्शियमचंही तसंच, सरकारी गोळ्या चौथ्या महिन्यापासून मिळतात त्या याचसाठी. लोहाच्या गोळीबरोबर घ्यायच्या नाहीत, मध्ये दोन तास सोडा. ३४ व्या आठवड्यात आता अ‍ॅस्पिरिन मागायची नाही.

रामसेतू (८ जून, सकाळी १०.००)

मी पंचवटीतला, वैद्यकीय काही कळत नाही. पण आम्ही लहानपणापासून गोदावरीचा पूर पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. गुडघ्याला पाणी आलं की घाटावरचे दुकानदार माल उचलायला लागतात. गळ्याला येईपर्यंत कुणी थांबत नाही. ते १४० म्हणजे गुडघा आणि १६० म्हणजे गळा, असं समजलं तर बरोबर का?

सिस्टर_निवृत्त (८ जून, १०.४५)

अगदी बरोबर. वरचा १६० किंवा खालचा ११०, दोन्हींपैकी एकही दिसला तर पंधरा मिनिटांनी परत घ्या, आणि तेवढाच आला तर गाडी काढा. ती रात्र घरी काढायची नसते. त्या आकड्याला मेंदूतली रक्तवाहिनी फुटू शकते.

निशिगंध (२४ जून, दुपारी ४.१०)

मंडळी, उशिरा लिहितेय, एका हाताने. मुलगी झाली. २ किलो ३१० ग्रॅम. सविस्तर लिहिते, कारण हा धागा नसता तर आम्ही त्या रात्री झोपून राहिलो असतो.

२० तारखेच्या रात्री, ३६ आठवडे ३ दिवस, पावणेदोनला डोकं दुखून जाग आली. कपाळावर नाही, मागे आणि डोळ्यांच्या आत. मी बाम शोधत होते. दिवा लावला तर भिंतीवर चंदेरी ठिपके पळताना दिसले. वाटलं झोपमोड. अहोंना उठवायचीही लाज वाटत होती, दिवसभर त्यांची अंबडला शिफ्ट झाली होती. सासूबाई पाणी प्यायला उठल्या होत्या, त्यांनी बघितलं. एक शब्द न बोलता मशीन आणलं. १६६/१०८. मी म्हटलं पंधरा मिनिटांनी घेऊ. त्या वही उघडून बसल्या, बोट वर नेत गेल्या. संध्याकाळचा १४०, कालचा १३८, परवाचा १३८. मग म्हणाल्या, "पंधरा मिनिटं गाडीत मोजू." त्यांनी पहिल्यांदा माझ्या हाताला हात लावला असेल असा घट्ट. वही पिशवीत घातली, पैसे विसरल्या.

द्वारकाचा चौक रात्री दोनला मोकळा असतो हे मला त्या दिवशी कळलं.

दवाखान्यात १६८/११०, लघवीत अल्ब्युमिन ३+. बीपी उतरवायला शिरेतून औषध, आणि मग मॅग्नेशियम सल्फेट. त्याबद्दल कुणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहिते. टोचल्यावर अंगभर आगीची लाट जाते, कानापर्यंत गरम, तोंड कोरडं, घाबरायला होतं पण मिनिटांत ओसरते. नंतर २४ तास चालू. लघवीची नळी, आणि दर थोड्या वेळाने गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघतात. मी विचारलं, पाय कशाला? सिस्टर म्हणाल्या, औषध जास्त झालं तर आधी तो उडायचा थांबतो.

बाळाचे ठोके मध्येच मंदावले म्हणून सिझर. सकाळी ६.४०. काचेच्या पेटीत दोन दिवस, साखर कमी होत होती. आता दूध ओढतेय, जरा झोपाळू आहे.

पाथर्डीफाटा (२४ जून, ४.२५)

अभिनंदन! सासूबाईंना साष्टांग.

लॅबमधला (२४ जून, ५.००)

अभिनंदन. प्लेटलेट किती होत्या?

घाटावरची (२४ जून, ५.०२)

अहो लॅबवाले, पेढे मागा की.

सिस्टर_निवृत्त (२४ जून, रात्री ८.००)

खूप आनंद झाला. तुला दिलेल्या त्या गरम औषधाची गोष्ट : २००२ मध्ये मॅगपाय नावाचा अभ्यास आला, ३३ देशांतल्या १० हजारांहून जास्त बायकांवर. या औषधाने झटके येण्याचा धोका निम्म्याहून खाली आला. आम्ही त्याआधीही देत होतो, पण त्यानंतर वाद संपला.

आता नीट वाच. वार पडली म्हणजे आजार गेला असं नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी पुन्हा चढतो, नेमका घरी आल्यावर. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. मशीन कपाटात ठेवू नकोस. डोकेदुखीला "जागरण झालं" म्हणायचं नाही. टाके दुखतात म्हणून कुठलीही वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने नको, विचारून घे.

निशिगंध (२६ जून, रात्री ११.३०)

सिस्टर, तुमचं तोंड कडू म्हणावं की गोड? आज पाचवा दिवस, घरी येऊन काही तास झाले होते. पाहुणे, बाळाचं नाक कुणासारखं याचा वाद, आई डिंकाचे लाडू वळतेय. मला कुणी काही विचारत नव्हतं, आणि मलाही काही होत नव्हतं. सासूबाई खोलीत आल्या, दार लोटलं, म्हणाल्या "वही रिकामी आहे." १५८/१०२. पाजताना घेतलं म्हणून वाढलं असेल म्हणून तिला खाली ठेवून पाच मिनिटांनी परत : १५६/१००. डॉक्टरांना फोन केला, लगेच या म्हणाल्या. निफेडिपिन वाढवून दिलीय. रात्रभर ठेवून घेताहेत, बाळ माझ्याजवळच आहे. या गोळ्यांवर पाजायला हरकत नाही म्हणाल्या.

डिस्चार्जच्या कागदावर बाळाच्या लसी, टाके, आहार सगळं होतं. "बीपी रोज मोजा" ही एक ओळ नव्हती. नाव लिहीत नाही, पण त्या दवाखान्याला आज मी ते तोंडावर सांगितलं.

एक_नवरा (२७ जून, सकाळी ७.१०)

हे वाचून बायकोची फाईल काढली. आमच्याही कागदावर ती ओळ नव्हती.

निशिगंध (३ ऑगस्ट, दुपारी २.४५)

सहा आठवडे पूर्ण. गोळ्या तीन आठवड्यांपूर्वी कमी करत करत बंद झाल्या. लघवी कोरी, कालचा आकडा ११६/७४. डॉक्टरांनी फाईलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलंय : पुढच्या वेळी १२ व्या आठवड्याच्या आत येणे, अ‍ॅस्पिरिन. आणि दरवर्षी बीपी, साखर बघायची, कारण हा त्रास झालेल्यांना पुढे आयुष्यात बीपी आणि हृदयविकाराची शक्यता जास्त असते. ३१ व्या वर्षी हे ऐकून बरं वाटत नाही, पण आता माहीत आहे.

कन्या ३ किलो ९०० ग्रॅम.

सोनचाफा (३ ऑगस्ट, ३.३०)

निशिगंध, माझ्या जावेला ३० वा चालू आहे, काल १३८/९० निघाला. तुझं मशीन आठवडाभर मिळेल का? गोविंदनगरला राहते ती.

निशिगंध (३ ऑगस्ट, ३.५५)

मशीन ने, आजच ने. तिचा दंड ३२ च्या वर असेल तर पट्टा मात्र दुसरा घ्या. वही देता येणार नाही, तिच्यात या महिन्याचं दूध मांडलंय. आजची ओळ : "३ ऑगस्ट, दोन लिटर, ११४/७२." पाव्हणे जास्त आहेत म्हणून दोन लिटर.